सहीसाठी थांबलेलं रक्त

देव अक्कल वाटत होता तेव्हा मोठे सर कुठेतरी सत्कार घेत बसले असणार, असं लॅबताईचं ठाम मत होतं. अठरा वर्षं ती प्रसूतीच्या दवाखान्यात रक्त तपासत आली होती. तेवढ्या काळात तिने एकेक नग पाहिले होते, पण हा त्या सगळ्यांचा बाप होता.

सरांनी संशोधन काढलं होतं. गरोदर बाईच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी असेल, तर दिवस भरण्याआधीच तिची पाणमोट फुटण्याचा धोका वाढतो का, हे बघायचं. प्रश्न चांगला होता. तो सरांच्या हाती लागला, हे त्या प्रश्नाचं नशीब. क जीवनसत्त्व मोठं नाजूक असतं. रक्त काढलं की ट्यूब अंधारात, बर्फात ठेवायची, अर्ध्या तासात मशीनमध्ये फिरवायची आणि वर आलेलं पाणी गोठवायचं. उशीर केला की जीवनसत्त्व विरून जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. हे लॅबमध्ये फरशी पुसणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं. पण सरांचा दंडक असा, की फॉर्मवर त्यांची सही झाल्याशिवाय एकही ट्यूब मशीनमध्ये जायची नाही. रक्त काढलं जायचं साडेआठला आणि सर उगवायचे अकराला. तोवर ट्यूबा खिडकीजवळच्या टेबलावर ऊन खात उभ्या असायच्या.

लॅबताईने एकदा, अगदी एकदाच, सांगून पाहिलं.

"सर, मी आधी फिरवून घेते. सही मागाहून करा."

"बाई, संशोधनाला शिस्त लागते," सर म्हणाले. शेजारी त्यांचा मदतनीस डॉक्टर उभा होता. लॅबमध्ये त्याला सगळे होयबा म्हणत. त्याने मान इतकी डोलावली, की मानेचा खिळा ढिला आहे की काय असं वाटावं.

पालथ्या घड्यावर पाणी! लॅबताईने ठरवलं, आता बोलायचं नाही. फॉर्मवर 'शेरा' नावाचा रकाना होता. 'नमुना अडीच तास उन्हात' एवढं तिथे लिहिलं असतं, तरी संशोधनावर नजर ठेवणाऱ्या वरच्या समितीने सगळं थांबवलं असतं. तिने तो रोज कोरा सोडला. बुडू दे मेल्याला! बुडताना बघायला तिला पुढची खुर्ची हवी होती.

आकडे अर्थातच तळाला गेले. शंभरातल्या नव्वद बायका कमी! सरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ते भाषणं देत सुटले, होयबा त्यांच्या मागे पडद्यावर तक्ते दाखवत हिंडू लागला आणि लॅबताई डबा खाताना मावशींना सरांची नक्कल करून दाखवू लागली. तिची नक्कल खरोखर फर्मास व्हायची.

त्या कमी आलेल्यांत तिची भावजयही होती. भावजयीचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पाणी जाऊन गेलं होतं. आता पुन्हा पाचवा लागला होता आणि ती जिना उतरतानाही श्वास धरून उतरत होती. एका रविवारी तिने रिपोर्ट पुढे केला.

"ताई, माझा आकडा फार कमी आलाय. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात, पण गोळी घेतली की छातीत नुसता जाळ होतो. फळ तर बघवतही नाही. चहा-टोस्टवर दिवस काढतेय."

"फेक तो कागद," लॅबताई म्हणाली. "तो आकडा तुझा नाही, आमच्या सरांच्या अकलेचा आहे. जळजळ होते ना? मग बंद कर गोळ्या."

भावजय कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसली.

नणंदेच्या हातात सुई होती, बर्फ होता, मशीन होतं. भावजयीचं रक्त पुन्हा काढून नीट तपासणं हे एका दुपारचं काम. चहा-टोस्ट हे शब्द तिने ऐकलेही होते. पण सरांचा आकडा पडताळून बघायचा म्हणजे त्याला किंमत दिल्यासारखं झालं असतं. तेवढी किंमत द्यायला ती तयार नव्हती.

सातवा सरत असताना एका दुपारी भावाचा फोन आला. भावजयीचं पाणी गेलं होतं.

तिला दाखल केल्याबरोबर लॅबताईने स्वतः तिचं रक्त काढलं. ट्यूब काळ्या कागदात गुंडाळली, बर्फात खुपसली आणि जिन्यावरून धावत नेली. सहीबिही गेली खड्ड्यात! आठव्या मिनिटाला ट्यूब मशीनमध्ये फिरत होती. संध्याकाळी आकडा आला. तो कमी होता. या वेळी त्यात ऊन नव्हतं, खिडकी नव्हती आणि सरही नव्हते.

मुलगी झाली, चौदाशे ग्रॅमची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नळ्यांच्या गुंत्यात ती दिसतही नव्हती. डॉक्टर म्हणाले, चार दिवस काही सांगता येणार नाही. मोठे सर येऊन डोकावले आणि "बघा, आमच्या निष्कर्षाला पुष्टीच मिळाली," म्हणून गेले. एरवी लॅबताईने डबा खाताना याची फर्मास नक्कल केली असती. पण भावजयीच्या आकड्यापुरता हा मठ्ठ माणूस चुकून का होईना बरोबर निघाला होता, आणि अठरा वर्षांच्या अनुभवाची ती हुशार बाई माती खाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी भावजयीने तिचा हात धरला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"ताई, खरं सांगा. मी त्या गोळ्या घेतल्या असत्या, तर ती राहिली असती का पोटात?"

"माहीत नाही गं."

"असं कसं? तीनशे बायकांचं रक्त तपासलंत ना तुम्ही? त्यातून एवढं तरी कळेलच की."

"नाही कळणार," लॅबताई म्हणाली. "ते सगळं रक्त फुकट चाललंय, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी नुसती हसत बसले."