पाचवी सवाष्ण

“उशीर झाला तर थांबू नकोस. जेवून घे.”

हवाई दलाच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळताना चंद्रशेखर म्हणाला होता. तो बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होता. वैमानिकाने कुठे वळायचं, ते सांगायचं काम त्याचं. एकाहत्तरच्या डिसेंबरात त्याचं विमान गेलं ते परतलं नाही. अवशेष मिळाले नाहीत, कैद्यांतही तो सापडला नाही. सरकारने काही काळाने त्याला मृत धरलं. पद्मिनीने धरलं नाही. त्याने सांगितलं तशी ती वेळेवर जेवत आली आणि रोज आंघोळीनंतर देवापुढे दिवा लावून कपाळाला कुंकू लावत आली. जेवायचं तो सांगून गेला होता. कुंकू थांबवायचं त्याने सांगितलं नव्हतं.

आता पंचाहत्तरी उलटलेली पद्मिनी ओहायोतल्या डब्लिनमध्ये भाचीकडे, आसावरीकडे राहत होती. आसावरीच्या हिमानीला न्हाऊमाखू घालायला म्हणून आली, मग जात-येत राहिली आणि शेवटी इथलीच झाली. त्या हिमानीचं लग्न आता तोंडावर आलं होतं. हिमानीने सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं, “मावशीआजी गोज फर्स्ट.” म्हणजे मुहूर्ताची हळद कुटताना, आंब्याची पानं बांधलेलं मुसळ पाच सवाष्णी धरतात, त्यांत पहिला हात पद्मिनीचा.

ते आसावरीच्या सासूबाईंना, शुभाताईंना मान्य नव्हतं. त्या तसं उघड म्हणत नव्हत्या. “बघू हं,” एवढंच म्हणायच्या.

रविवारी दुपारी बेसमेंटमध्ये सगळे जमून दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांची मालिका बघायचे. आसावरीचा नवरा केदार, त्याचा मित्र शंतनू, बायका, चिवड्याचे वाडगे. केदारने त्यातून खेळ काढला होता. पांढऱ्या बोर्डवर विमानातल्या पोरांचे फोटो चिकटवायचे आणि या आठवड्यात कोण मरणार ते सांगायचं. चुकेल त्याने भांडी घासायची.

“यार, हा आईचं पत्र वाचतोय. गेला हा!”

“नाही रे, आधी तो शेपटीतला गनर. त्याला आत्ताच मुलगी झाली ना.”

गनर खरोखरच गेला, तेव्हा शंतनूने सोफ्यावर उडी मारून टाळी दिली. पॅराशूट न उघडलेला एक मुलगा ढगांतून खाली जात होता, आणि कुणीतरी म्हणालं, “पॉज कर, पॉज कर, मी भेळ घेऊन येते.”

पद्मिनी मागच्या खुर्चीत बसायची. माळ पदराखाली, बोटं चालू. सहाव्या भागात टॉमी नावाच्या नॅव्हिगेटरचं विमान धूर सोडत ढगात शिरलं आणि पडदा काळा झाला. तिची बोटं थांबली.

शुभाताईंनी ते बरोबर टिपलं. “पद्मिनीताई, तुम्ही कधीच पैज लावत नाही. या टॉमीचं काय म्हणता? तुमच्या खात्यातला आहे.”

सगळे हसले.

“येईल तो,” पद्मिनी म्हणाली.

“मावशी, चान्सच नाही!” केदार म्हणाला. “वीस हजार फूट आणि खाली समुद्र. नॅव्हिगेटर सीटवरून उठेपर्यंत...” त्याने तळहाताचं विमान केलं, ते शिट्टी वाजवत टीपॉयपर्यंत आणलं आणि आपटलं.

“केदार, पुरे,” आसावरी म्हणाली, पण हसतच.

“बोलू द्या हो त्यांना,” शुभाताई म्हणाल्या. “काहींची आशा फार चिवट असते. पेन्शनच्या कागदावर विधवा, हळदीला सवाष्ण. दोन्हीकडचं छान सांभाळलंय की नाही?”

या वेळी कुणी मोठ्याने हसलं नाही. पण कुणी उठूनही गेलं नाही.

पद्मिनीने माळ मुठीत घेतली. तिच्या मनात आलं, ही तर रचलेली गोष्ट. ज्यांनी रचली त्यांना एक पोर परत आणायला काय पडतं? एक दार उघडायचं, त्याने टोपी काढून आत यायचं. देवालासुद्धा यात काही उलटं फिरवावं लागणार नाही.

“हा टॉमी परत आला तर मी हिमानीच्या हळदीचं मुसळ धरीन,” ती हळूच म्हणाली. “नाही आला तर मुसळाला हात लावणार नाही. आणि हे कुंकू मी माझ्या हाताने पुसेन.”

“मावशीआजी, नो! इट्स अ शो!” हिमानी ओरडली.

“मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हिमा,” शुभाताई म्हणाल्या. “रोज व्रतं करणारी बाई आहे, शब्द मोडायची नाही. केदार, लिही बोर्डवर.”

आणि केदारने टॉमीच्या फोटोखाली निळ्या पेनाने खरंच लिहिलं: ‘हळद’.

शेवटच्या भागाला अजून काही रविवार होते. पद्मिनीने आपल्या रोजच्या नेमात एक भर घातली. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीभोवती जागा नव्हती, म्हणून ती कुंडी उचलून जेवणघराच्या मधोमध ठेवायची आणि पाण्याचा तांब्या घेऊन फेऱ्या घालायची.

“या कुणासाठी गं, मावशी?” आसावरीने विचारलं.

“टॉमीसाठी.”

केदारने दाराआडून व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ‘माझ्या ग्रीन कार्डसाठीपण दोन मारायला सांग.’ ‘स्पॉन्सर कोण, प्रोड्यूसर की तुळस?’ शुभाताईंनी त्याखाली जोडलेले हात टाकले होते. पद्मिनीकडे तसला फोन नव्हता. पण पुढच्या रविवारी आलेली प्रत्येक बाई तिला “काय मावशी, फेऱ्या झाल्या का?” असं विचारत होती, तेव्हा तिला कळलं. “झाल्या,” ती प्रत्येकीला म्हणाली.

शेवटच्या भागात युद्ध संपलं. घंटा वाजल्या, मुलींनी सैनिकांच्या गळ्यात हात टाकले. टॉमीच्या पलंगावर एक नवा मुलगा शर्ट टांगत होता. पद्मिनी दाराकडे बघत राहिली. पडद्यावरच्या त्या बराकीला एकच दार होतं. नाच झाला, बँड झाला, नावं वर सरकू लागली. टॉमी मेला असंही कुणी म्हणालं नाही. त्याचं नावच कुणी काढलं नाही.

“हे काय? अर्धवटच सोडलं याला!” शंतनू म्हणाला.

केदार फोनवरच्या प्रतिक्रिया वाचून दाखवू लागला. “लोक जाम भडकलेत. हा बघ, एकच स्टार दिलाय. लिहितो, ‘बॉडी दाखवा नाहीतर माणूस दाखवा. असं लटकवून ठेवणं हा क्रूरपणा आहे.’ साडेचार हजार लाइक्स!”

पद्मिनीने ते नीट ऐकून घेतलं. चंद्रशेखरसाठी इतकं कुणी कधी चिडलं नव्हतं.

“आला नाही ना?” शुभाताईंनी वाडगे एकात एक घातले. “मग झालं तर.”

“दॅट्स नॉट फेअर, आज्जी. वी डोन्ट नो!” हिमानी म्हणाली.

“माहीत नाही म्हणजेच आला नाही. आणि पाचवीची काळजी नको. शंतनूच्या बायकोला मी केव्हाच सांगून ठेवलंय. तिची साडीसुद्धा आलीय एडिसनच्या दुकानातून.”

“केव्हा सांगितलंस?” हिमानीने विचारलं.

“पत्रिका छापल्या तेव्हाच. ही मालिका सुरूसुद्धा नव्हती झाली.”

हिमानीने आईकडे बघितलं. आसावरी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. साडीचा रंग तिनेच पसंत केला होता.

“बरं झालं,” पद्मिनी म्हणाली. “पाच पुऱ्या व्हायला हव्यात.”

हिमानीने तिचं मनगट धरलं. “मावशीआजी, ओके, मुसळ नको. पण ते पुसू नको. प्लीज. दे ट्रिक्ड यू.”

“त्यांनी काय केलं ते त्यांच्याकडे, बाळा. बोलले तर मीच ना?”

“हळदीच्या आधी उरकलंत तर बरं,” शुभाताई जिन्यावरून म्हणाल्या. “म्हणजे पाहुण्यांना सारखं सांगत बसायला नको.”

सकाळी पद्मिनी सगळ्यांच्या आधी उठली. आंघोळ करताना कपाळाला पाणी लागू दिलं नाही. दिवा लावला, जप पुरा केला. मग वाटीत खोबरेल तेल घेऊन त्यात कापूस भिजवला आणि बेसिनपाशी गेली. तिथे तिच्या लक्षात आलं, हे लग्नघर आहे. इथे कुंकू पुसायचं नाही. पोरीच्या संसाराला त्याची सावली नको.

तिने वाटीवर ताटली झाकली आणि साडीवर जाड कोट चढवला. घरांच्या मागे झाडीतून एक ओढा जातो, तिथवर फिरायची पायवाट आहे. दाराची बीप वाजू नये म्हणून तिने बटण दाबून अलार्म बंद केला. स्वयंपाकघरात नवं मुसळ भिंतीला टेकून उभं होतं. त्याला धक्का लागणार नाही असं अंग चोरून ती मागच्या दाराने बाहेर पडली, आणि तेल सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी वाटी धरून पायवाटेने चालू लागली.