कागदाआडची हिरवी जाळी

“दुपारच्याला शेडमध्ये कण्हतं ते कोण?”

हा प्रश्न मला विचारायची पैज राजेश्वरीला तिच्या मैत्रिणींनी घातली होती. सकाळची शाळा सुटल्यावर पूजा आणि क्रांती द्राक्षबागेच्या कडेला, चांगल्या लांब, उभ्या राहिल्या. “जा की! मी कुणाला भीत न्हाई म्हणून काल लय फुशारक्या मारत हुतीस,” क्रांती ओरडली. राजेश्वरी नाक उडवत आली, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली.

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी जाळी आहे. तासगावजवळच्या एका बेदाणा शेडला बांधलेली. जाळीला उत्तर देता येत नाही. ऐकू मात्र सगळं येतं, आणि विसरता काहीच येत नाही.

मी आले तेव्हा कोरी करकरीत होते. राजेश्वरीच्या वडिलांनी, कृष्णातआण्णांनी, मला लोखंडी सांगाड्यावर ताणून बांधलं. आत तारेच्या रॅकवर द्राक्षं पसरायची. कडक उन्हात बेदाणा काळा पडतो. सावलीत, वाऱ्यावर वाळला तर छान हिरवा राहतो. म्हणून माझं काम एवढंच: ऊन अडवायचं आणि वारा आत सोडायचा.

बाहेर जीव नकोसा झाला की कामाच्या बाया भाकरी खाऊन माझ्या सावलीत आडव्या व्हायच्या. त्यांत लीलाबाई सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तोंडाळ. “आमचा एशी हाय ह्यो! बिल न्हाई का बिघाड न्हाई,” म्हणत ती मला थोपटायची. मी वाऱ्यावर अशी काही फुगायचे म्हणता!

मग गेल्या वर्षीचा एप्रिल आला. झाडाचं पान हलत नव्हतं, चिमण्या पाण्याच्या टाकीखाली चोची वासून बसायच्या. एका दुपारी अचानक ढग भरून आले. बेदाण्याला पावसाचं पाणी लागलं की वर्षाची मेहनत मातीत. “कागद सोडा रं! कागद!” आण्णा ओरडत धावले. शेडवर गुंडाळून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पडद्याला आमच्याकडे कागद म्हणतात. तो चारी बाजूंनी माझ्यावर सोडला, खाली दगड ठेवून आवळला आणि सगळे घराकडे पळाले.

लीलाबाईला सकाळपासून गरगरत होतं. ती शेवटच्या रॅकमागे झोपली होती. ती घरी गेली, असं प्रत्येकाला वाटलं.

पाऊस आलाच नाही. ढग पांगले, ऊन परतलं. पुन्हा ढग आले तर, म्हणून कागद तसाच राहिला. मला हजारो भोकं होती, पण प्रत्येक भोकापलीकडे कागद होता. वारा बाहेरून थापा मारत राहिला. “कोण हाय का गं? कागद वर करा की,” ती म्हणाली. मग नुसतंच “पानी.” मग नुसतं कण्हणं.

संध्याकाळी कागद उचलला. बेदाणा अगदी कोरडा होता. लीलाबाई गेली होती.

तेव्हापासून शेडमध्ये कुणी टेकायचं नाही, असा आण्णांचा हुकूम आहे. बाया विहिरीच्या मोटारीसाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत दुपार काढतात. मी फाटले तरी मला कुणी शिवत नाही. माझी फाटकी कड तारेवर घासते, म्हणून आवाज येतो. खरं सांगू? काही दुपारी वारा पूर्ण पडलेला असतो, तरी आवाज येतोच. तो माझा की तिचा, हे आता मलाही कळत नाही.

राजेश्वरीलाही तो ऐकू आला. तिचे कमरेवरचे हात खाली आले. “राजे, पळ!” पूजा किंचाळली.

ती पळणार, तेवढ्यात पत्र्याच्या खोलीतून कामाच्या बायांतली गोदावरीकाकी भेलकांडत बाहेर आली आणि मातीत बसली. तोंड लालबुंद, अंग कोरडं ठणठणीत. राजेश्वरी तिच्याकडे धावली. “अगं, या की हिकडं, बघत काय बसलाय!” तिघींनी काकीला उचलून माझ्या सावलीत आणलं, लुगड्यावर पाणी ओतलं, ओल्या ओढणीने वारा घातला. मीही होता नव्हता तेवढा वारा आत ओढला.

काकीने डोळे उघडले. “हितं नगं गं... लीलाबाई हाय हितं.”

“असू दे की! ती काय तुला उठवून लावतीया व्हय?” राजेश्वरी म्हणाली.

क्रांतीने राजेश्वरीच्या घरी फोन केला. आण्णा आणि आई गाडी घेऊन आले. “हितं कशाला आणलीस तिला? बंद हाय म्हणून सांगितलंय न्हवं?” आण्णा ओरडले. शेवटच्या रॅककडे ते बघतच नव्हते.

मित्रांनो, उन्हाळ्यात मला सांधा, ताणून बांधा, मी जीव तोडून सावली देईन. पण माल झाकण्याआधी आत एक हाक मारत जा. जाळीला दगड हलवता येत नाहीत हो.

काकीला गाडीत बसवून राजेश्वरी वळली. “आण्णा, आई, ऐका. उद्यापास्नं बाया दुपारच्या हितंच टेकणार. आणि ढग आले की आधी मी आत जाणार, पार शेवटच्या रॅकपतोर. मी भाईर येऊन सोडा म्हणेपतोर कागद खाली येणार न्हाई. बेदाणा भिजला तर भिजला.”