सात नंबरच्या खाटेजवळची तिपाई

मित्रांनो, मी एक जुनी तिपाई आहे, असं पूर्वी मी खात्रीने सांगितलं असतं. पण इस्पितळात इतकी वर्षं काढल्यावर ती खात्री उरलेली नाही.

आत्रातो नदीच्या काठी आमचं गाव. तिथे सेलेदोनियो नावाचा होड्या करणारा सुतार होता. एका लांब होडीचं लाकूड उरलं, त्यातून त्याने मला केलं. तीन पाय, वर गोल फळी, उंची जेमतेम गुडघ्याएवढी. त्याची बायको गावच्या इस्पितळात बरी झाली होती, म्हणून त्याने मला तिथे नेऊन दिलं. "बसायला होईल," एवढंच तो म्हणाला.

म्हणजे मी बसायला होते. पण पुरुषांच्या वॉर्डात पहिल्याच दिवशी एक बुटका म्हातारा माझ्यावर पाय देऊन खाटेवर चढला. मग मी पायरी आहे की काय? दुपारी माझ्यावर गरम पाण्याचं घमेलं ठेवून कुणाचं तरी अंग पुसलं. मग मी मेज? संध्याकाळी वारा सुटला तेव्हा दार आपटू नये म्हणून मला दारात अडकवलं. त्यानंतर मी विचार करणं सोडून दिलं.

माझ्यावर रोज बसणारी एकच होती, बिसिता सिस्टर. ती मला उशाशी ओढून घ्यायची, बसायची आणि आधी स्वतःचं नाव सांगायची. "मी बिसिता. दुपारपर्यंत तुमच्याकडे मीच आहे. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" नाडीला हात लावण्याआधी ती तळवे चोळून गरम करायची. अंग पुसायचं तर आधी पडदा ओढायची. कूस बदलताना सांगायची, "आता डावीकडे वळवते हं, घाबरू नका." ज्याने दोन दिवस तोंड उघडलेलं नसायचं, तो तिच्या हातून कुस्करलेलं केळं खायचा. ती बसली म्हणून त्याला भूक कशी लागली, हे काही मला समजायचं नाही.

एकदा डॉक्टरने तिला चिडवलं. "सिस्टर, बसायला वेळ कुठून काढता हो?"

"उभं राहून विचारलं की तेच तीनदा विचारावं लागतं, डॉक्टर," ती म्हणाली. "तेवढा वेळ माझ्याकडे नाही."

मग बिसिता सिस्टर निवृत्त होऊन मुलीकडे गेली. वॉर्डात चाकांच्या लोखंडी गाड्या आल्या, आकडे दाखवणारी यंत्रं आली. मला कुणी मुद्दाम टाकलं नाही. मी आपोआप मोरीत गेले आणि माझ्यावर बादली आली. ओल धरून एक पाय मऊ पडला. आपलं काय चुकलं, हे मला कळलं नाही. विचारायचं तरी कुणाला?

अशी पाच-सहा वर्षं गेली. एका सकाळी झाडणाऱ्या बाईने मोरी धुवायला मला बाहेर ओढून वॉर्डात, सात नंबरच्या खाटेशी ठेवलं. भिंतीजवळच्या खाटेवर पायाला फडकं बांधलेला एक म्हातारा नावाडी होता आणि खिडकीजवळच्या सात नंबरवर एक फिकट, अशक्त गृहस्थ. खिडकीतून पावसाचे शिंतोडे येत होते आणि त्या गृहस्थाला हुडहुडी भरली होती.

"मास्तर, तुम्ही इकडे या," नावाडी म्हणाला. "मला तेवढीच नदी दिसेल."

दोघांनी आपसात खाटा बदलल्या. दुखरा पाय सांभाळत, माझ्यावर दुसरा पाय देऊन नावाडी सात नंबरवर चढला. मी तिथेच राहिले. वॉर्डाच्या फळ्यावर नावांपुढचे खाटांचे नंबर मात्र कुणी बदलले नाहीत.

तासाभराने युर्लेइदी आली. तरणीताठी सिस्टर, हात चपळ. एरवी ती बायकांच्या वॉर्डात असायची. इथे माणूस कमी पडलं म्हणून आधीच्या पाळीवरूनच तिला पाठवलं होतं. तिच्या हातात रक्ताची पिशवी होती. हेडसिस्टर ओफेल्मिना आणि तिने मिळून पिशवीवरचं नाव आणि कागदावरचं नाव मोठ्याने वाचून जुळवलं. एलिएसेर मोस्केरा, खाट सात. तेवढ्यात नदीच्या धक्क्यावर एक जखमी माणूस उतरवल्याचा निरोप आला आणि ओफेल्मिना तिकडे धावली.

युर्लेइदीने नावाड्याच्या मनगटावरची नावाची पट्टी पाहिली. सकाळी अंग पुसताना ती भिजली होती. सुरुवातीचं 'एलि' आणि शेवटचं 'मोस्केरा', एवढंच वाचता येत होतं.

"तुम्ही एलिएसेर मोस्केरा ना?" तिने वाकून विचारलं.

म्हाताऱ्याने मान डोलावली.

"रक्त चढवायचंय, ठाऊक आहे ना?"

त्याने पुन्हा मान डोलावली.

मी चक्रावले. नदी बघायला आलेला हा, मग मास्तर कोण? की खाट बदलली की माणूसही बदलतो? मला वाटलं, या लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

तिने पिशवी वर अडकवली. रक्त सुरू करण्याआधी नाडी मोजावी लागते. नाडी मोजायला पुरतं एक मिनिट लागतं आणि तिचे पाय तर आदल्या रात्रीपासून भरून आले होते. तिने मला पायाने जवळ ओढलं आणि बसली. माझा मऊ पाय कुरकुरला, पण मी तग धरला.

नाडी मोजून झाली. म्हातारा तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"आत्ता तोंड दिसलं तुझं," तो म्हणाला. "मघापासून नुसती हनुवटी बोलत होती. काय बोलत होती देव जाणे. इंजिनाच्या होडीने कान खाल्ले माझे."

ती हसली. मग तिचं हसू ओसरलं. आता ती त्याच्या डोळ्यांत पाहून सावकाश बोलली. "मी युर्लेइदी. तुमचं नाव काय? तुम्हीच सांगा."

"तातो. सगळी नदी मला तातो म्हणते."

"कागदावरचं नाव, काका."

"ते बायकोला पाठ होतं. ती गेली, मग कुणी घेतलंच नाही."

"आठवून बघा. मी थांबते."

ती खरंच थांबली. बाहेर एक होडी गेली. "एलिसेओ," म्हातारा म्हणाला. "एलिसेओ मोस्केरा. हां, हेच."

"आणि इथे कशासाठी आलात?"

"पाय पिकलाय. मासे धरताना गळ घुसला. हे रक्त कशाला आणलंस? माझ्यात भरपूर आहे, डासांना विचार."

ती हसली नाही. तिने नळी चिमटीत धरली, पिशवी खाली घेतली आणि भिंतीजवळच्या खाटेशी गेली. दोन चादरी गुंडाळून पडलेल्या गृहस्थाला तिने तेच विचारलं.

"एलिएसेर मोस्केरा," तो क्षीण आवाजात म्हणाला. "शाळामास्तर होतो. माझं रक्त आज यायचं होतं ना?"

युर्लेइदी परत येऊन माझ्यावर बसली. पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती.

"काय झालं पोरी?"

"मी तुम्हाला दुसऱ्याचं रक्त देत होते, काका."

"मग काय झालं असतं?"

तिने खोटं सांगितलं नाही. "कदाचित तुम्ही गेला असता."

तातोने त्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मान तर मीच डोलावली."

"तुम्ही डोलावलीत. पण मी प्रश्नच तसा विचारला होता."

हेडसिस्टर परत येताच युर्लेइदीने सगळं स्वतःहून सांगितलं. कुणी पाहिलं नव्हतं. न सांगता चाललं असतं. ती का बोलली, याचंही मला कोडंच पडलं. ओफेल्मिना ओरडली नाही. "दोघींचं चुकलं," ती म्हणाली. "कागद जुळवला, पिशवी जुळवली. माणूस जुळवायचा राहिला." त्या दिवशी मास्तरांना रक्त मिळालं. पुढच्या आठवड्यात तातो लंगडत का होईना, होडीत बसून घरी गेला.

पुढे वॉर्डात शिकाऊ मुली आल्या. त्यांना शिकवायचं काम ओफेल्मिनाने युर्लेइदीकडे दिलं. तिने दामारिस नावाच्या मुलीला खाटेवर निजवलं, चादर गळ्यापर्यंत ओढली, कागद चाळत घाईघाईने उशाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू एलिएसेर मोस्केरा ना?"

दामारिसने मान डोलावली.

सगळ्या मुली खो खो हसल्या. युर्लेइदी हसली नाही. "का गं डोलावलीस?"

दामारिस गोंधळून उठून बसली. "काय माहीत, सिस्टर. तुम्ही वर उभ्या होतात, घाईत होतात. हो म्हणावंसं वाटलं."

हसणं थांबलं. मग युर्लेइदीने मला पुढे ओढलं आणि एकेकीला माझ्यावर बसायला लावलं.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुणा आजाऱ्याच्या उशाशी जाल. जवळ माझ्यासारखं काही असलं तर ओढून घ्या, नसलं तर जमिनीवर बसा. त्याचं नाव, त्याचं दुखणं त्यालाच सांगू द्या आणि उत्तर येईपर्यंत थांबा. याने काय होतं, हे मला विचारू नका. मी लाकूड आहे, मला अजून नीट उमगलेलं नाही. पण उभ्या उभ्या "बरं आहे ना?" असं तेवढं विचारू नका. त्याला माणूस हो म्हणतोच.