परसोंचे बेडूक

"परसों तक जंगल में थे, मैडम. हाथ नहीं लगाना," दुकानदार म्हणाला होता, आणि मी हसले होते.

का हसले ते हैदराबादबाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे परसों म्हणजे परवा नव्हे. परसों म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. 'परसों शादी हुई' म्हणणाऱ्या बाईची मुलगी दहावीला असते. मी बरकतपुऱ्यात वाढले, मराठी बोलतानासुद्धा माझा 'परवा' असाच सैल. दुकानदार परसों म्हणाला, मी मनातल्या मनात म्हटलं, झाली की चार-पाच वर्षं.

सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीतलं ते माशांचं दुकान. माझा नवरा धम्मदीप कित्येक दिवस मोबाईलवर हे बेडूक बघत होता. शेवटी आम्हाला घेऊनच गेला. काचेच्या पेटीत, शेवाळावर, अंगठ्याच्या पेराएवढे जीव. काळ्याभोर अंगावर हळदीचे पट्टे ओढल्यासारखे, रंग अजून वाळलाच नाही असे. त्यातल्या एकाने गळा फुगवला आणि शीळ घातली. लांबच लांब, अगदी पाखराची. माझ्या कडेवरची पिंकी, चार वर्षांची, मान वर करून छताला पाखरू शोधायला लागली.

"विषारी ना हे?" मी विचारलं.

"जंगलातले विषारी," धम्मदीप म्हणाला. "तिथल्या मुंग्या, किडे खाऊन विष अंगात येतं, कातडीवर उतरतं. तोंडातून नाहीतर जखमेतून आपल्यात जातं. काचेत जन्मलेल्यांना चिलटं खायला घालतात. विष येणार कुठून? फक्त जंगलातून ताजा धरलेला नको. त्याचं विष उतरायला वर्षं जातात."

म्हणून मी दुकानदाराला विचारलं, कधीचे आहेत. तेव्हा तो ते वाक्य बोलला.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ वाकून पेटीत बघत होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कानाला मशीन. आमचं मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"काय म्हणतोय हो तो? माझ्या मशीनमध्ये नुसतं घुंई होतंय."

"परसोंपर्यंत जंगलात होते म्हणतोय, काका."

ते पोट धरून हसले. "परसों! अहो, आमच्याकडे निजामसुद्धा परसोंच गेला!"

दोघं हसलो. मग ते बोलतच सुटले. नारायणगुड्याला राहतात, एकटेच, मुलगा कॅनडाला. "मासे ठेवून पाहिले, पण ते बोलत नाहीत. ह्याची शीळ मात्र मला मशीनशिवाय ऐकू येते." साखर तपासायला रोज सुई टोचून बोटांची चाळणी झालेली. ती त्यांनी पिंकीला दाखवली. "बघ, आजोबांच्या बोटांत पीठ चाळता येईल." पिंकी खिदळली.

जाताना त्यांनी मला विचारलं, "संध्याकाळी हातावर घेऊन बसलं तर चालेल ना, बेटा?"

"हौ काका, कधीचे काचेतच आहेत," मी म्हटलं.

ते दोन बेडूक घेऊन गेले. आम्ही तीन.

घरी पेटी हॉलमध्ये ठेवली. चिलटांसाठी धम्मदीप झाकणाला फट ठेवायचा. एका सकाळी पेटीत पाल मेलेली दिसली. जबडा फाटेस्तोवर उघडा, घशातलं काहीतरी थुंकायचं राहून गेल्यासारखा. तिच्या पाठीवर एक बेडूक बसला होता, पट्टे लखलखीत, आणि शीळ घालत होता.

"उकाड्याने मेली असेल," धम्मदीप म्हणाला.

"लिपस्टिक लावल्यासारखी लाळ आहे तोंडाला. उकाड्याने?"

"तू पण ना! लाईट ले गं, एवढं मनावर नको घेऊस."

मी फटीवर चिकटपट्टी लावली. एका बाजूची राहिली असणार. दुपारी कपडे वाळत घालत होते, तर मागून पिंकीने ओढणी ओढली.

"आई, माझे ओठ झोपले."

"झोपले म्हणजे?"

"उठवते तर उठत नाहीत." ती हसली, पण अर्धंच तोंड हसलं. उरलेलं तसंच राहिलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. तिच्या बोटांना शेवाळाचा वास येत होता.

रिक्षात मी तिचं नाव घेत राहिले. दवाखान्यात त्यांनी तिची बोटं, तोंड धुऊन धुऊन काढलं, छातीला वायरी लावल्या. दिवे लागताना तिने वरचा ओठ हलवून दाखवला. "एक उठला." मग मी रडले.

प्राणिसंग्रहालयातला धम्मदीपच्या ओळखीचा माणूस हातमोजे घालून बेडूक घेऊन गेला. आम्ही दुकानात गेलो.

"मैं तो मैडम को बोला था," दुकानदार म्हणाला. "परसों."

"परसों मतलब?" मी विचारलं.

त्याने वेडगळ माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "कल से एक दिन पहले."

मला त्याचे उच्चार तेव्हा ऐकू आले. "आप यहाँ के नहीं हैं?"

"रामपुर का हूँ. नया आया हूँ."

त्याचा परसों खरा होता. जंगल दोन दिवसांमागचं होतं.

"और वो बुज़ुर्ग?" मी विचारलं.

"आपके वालिद नहीं थे? एक ही ज़बान बोल रहे थे. मैंने सोचा, आपने समझा दिया होगा."

काकांना तो माझे वडील समजला होता. त्याच्याकडे त्यांचं नाव नव्हतं, नंबर नव्हता. पोलिसांनीही पहिला प्रश्न नावाचाच केला.

तेव्हापासून पिंकीला घेऊन मी नारायणगुड्याच्या गल्ल्या फिरते. औषधांच्या दुकानांत विचारते. मशीनवाले, साखरवाले आजोबा? दुकानदार हसतात, किती हवेत म्हणून. काल सकाळी तिथल्या एका शाळेमागच्या गल्लीत वरून कुठूनशी शीळ आली. लांबच लांब. पिंकीने आभाळाकडे पाहिलंच नाही.

"आई, बेडूक."

शीळ थांबली. तीन इमारती खेटून उभ्या, खिडक्या सगळ्या बंद. जितक्या बेल दिसल्या तितक्या दाबल्या. दुसऱ्या मजल्यावरची एक आत वाजली, खूप वेळ, आणि कुणीच आलं नाही. ते घर त्यांचंच की दुसऱ्याचं, कोण सांगणार? खाली वॉचमन होता, इथलाच, जुना.

"कान में मशीन? हौ, इधर से वॉक कू जाते ना उनो. घर नै मालूम."

"आखरी बार कब देखे?"

त्याने डोकं खाजवलं.

"परसों दिखे थे, अम्मा."

"कौनसे परसों?"

तो हसला. मी हसले होते, अगदी तसाच.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही नारायणगुड्यात राहत असाल, वरच्या मजल्यावर एकटे मराठी काका असतील, तर आजच त्यांचं दार वाजवा. जोरात वाजवा, त्यांना ऐकू कमी येतं. शीळ आली तर पाखरू समजू नका. आणि कुणी म्हणालं, परसोंच तर दिसले होते, तर तेवढ्यावर परत फिरू नका. दार उघडेपर्यंत तिथेच थांबा.