बावन्न डिग्री

टेकडीच्या दुसऱ्या वळणावर म्हस्कूआबांनी दोन्ही गुडघे धरले आणि वाटेकडेच्या खडकावर बसकण मारली.

"आई गं! मेलो."

मागून येणाऱ्या भामाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण त्याही शेजारी टेकल्या. त्यांची वैमानिक लेक हर्षदा मात्र उभीच राहिली. विमानकंपनीतून दोन दिवसांची सुट्टी काढून ती शिरूरला आली होती ती याच गुडघ्यांसाठी. उद्या पुण्यात जाऊन ऑपरेशनची तारीख ठरवायची होती, आणि तो विषय निघाला की आबांना नेमकं गोठ्यातलं काम आठवत होतं.

टेकडीवरच्या बिरोबाला जायचं तर वाटेत चार वेळा बसायचं, हा आता घरचा रिवाजच झाला होता. दिवाळीत भामाबाईंना धाप लागली. हृदयाची झडप अशक्त झालीय, दमानं घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं. पण ती बाई कसली ऐकते! गोळ्या तेवढ्या घेतल्या आणि सल्ला दवाखान्यातच ठेवून आली. त्याच महिन्यात आबांचे गुडघे गेले. संकटं एकटी येत नाहीत म्हणतात, ते काही खोटं नाही.

"एक इचारू?" आबा लेकीला म्हणाले. "त्या दिवशी दिल्लीहून तुझ्या इमानातनं आलो. उडताना तू पुरा जोर लावला न्हाईस."

उसाच्या ट्रकवर तीस वर्षं काढलेला कान तो. हर्षदाला हसू आलं आणि बापाचा अभिमानही वाटला.

"नाही लावला. धावपट्टी लांब होती, विमान हलकं होतं. उगाच इंजिनाचा जीव कशाला काढायचा?"

"आन् त्येला सांगता कसं?"

"खोटं सांगतो. बाहेर तीस डिग्री असली तरी कॉम्प्युटरला म्हणायचं, बावन्न आहे. ऊन वाढलं की इंजिनाचा जोर कमी पडतो; मग एवढ्या उन्हात जेवढा निघेल, तेवढाच तो लावतो. इंजिन कमी तापतं, जास्त वर्षं टिकतं."

"मधीच गरज पडली तर?"

"पुरा जोर हाताखालीच असतो. लिव्हर पुढं ढकलायचा."

आबांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का गं? शिकलीसवरली माणसं बी खोटं बोलत्यात!"

भामाबाईंची धाप आता बसली होती. आबांनी त्यांच्या तोंडाकडे एकवार नीट पाहिलं, आणि मगच आबांच्या गुडघ्यांची कळ थांबली.

वर पोचल्यावर भामाबाई देवळात गेल्या. मागच्या घळीत कुणाचं तरी कोकरू अडकून ओरडत होतं. हर्षदा वाकून पाहते तोवर आबा धडाधड खाली उतरले, कोकरू बगलेत मारलं आणि चार ढांगांत वर आले. पोरपण मेंढरांमागं गेलेलं, पाय आपसूकच पळाले. मग त्यांना लेकीचा चेहरा दिसला.

"आबा! गुडघे?"

आबांनी देवळाच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टर म्हणला, चढाला हिला घडीघडी बसवा. हिला कोण बसवणार? मी बसलो तरच बसती. तुझं बावन्न, तसं माझं गुडघं."

हर्षदाला एकदम भरून आलं. ती त्यांच्या धोतराला चिकटलेली कुसळं काढत बसली.

उतरताना आबा पुढे होते, चांगलेच लंगडत. भामाबाईंनी लेकीचा दंड धरला.

"त्या पुण्याच्या डॉक्टरला न्हाई म्हणून कळीव."

"का गं?"

"काय झालंय ह्यांच्या गुडघ्याला? परवा पाण्याच्या पाटावरनं उडी मारली. म्या बघितली."

हर्षदा जागीच थांबली. "मग तू बसतेस कशाला?"

भामाबाई नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"लगीन झालं तवापासनं ह्यांचा ट्रक आन् ह्ये. माझ्याशेजारी कवा निवांत बसलं? आता दर वळणाला बसत्यात. तू ह्यांना काय बोलू नगंस."

मग त्यांनी पदर सावरला आणि खाली हाक मारली.

"अवं! बसा की जरा. गुडघं दुखत असतील."