मोह न बाई

पारबताबाई आठवल्या की चेहऱ्याच्या आधी वास येतो. गोड, किंचित उग्र, गूळ करपण्याच्या जरा अलीकडे थांबलेला. त्यामागून येतं त्यांचं हसू, कारण त्या बोलायच्या आधी हसत आणि हसून झालं की उरलेल्या श्वासात बोलत. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं ऐकणाऱ्याला अंदाजानेच घ्यावं लागे. माझी सगळी फजिती त्या निम्म्या बोलण्याने केली.

यांची बदली वडशाच्या स्टेशनात झाली आणि मी साताऱ्याची पोर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये येऊन पडले. ऐंशीच्या दशकातला तो एक वैशाख होता. दुपारच्या धगीत पलीकडचं जंगल थरथरताना दिसे आणि मालगाडी गेली की फडताळातली भांडी उगाच कुजबुजत. मला तिसरा महिना होता, आणि पोटात अन्न म्हणून ठरत नव्हतं. पेज, लिंबू, लाह्या, सगळं आल्या वाटेने परत. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच बजावलं होतं, ‘‘वजन असंच उतरत राहिलं तर बाळाला जड जाईल.’’ आई महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. मी रोज भिंतीकडे तोंड करून रडत असे आणि हे बिचारे दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहत.

बुद्धपौर्णिमेला यांच्या स्टेशनातल्या सहकाऱ्याने आग्रहाने बोलावलं. पारबताबाई त्याची आई. विहारापुढच्या मांडवात पांढऱ्या लुगड्यांची रांगच्या रांग बसलेली, कर्णा घसा ताणून गातोय, आणि चांदणं असं की मेणबत्त्यांनी लाजावं. पारबताबाईंनी माझा उतरलेला चेहरा पाहिला, काही न विचारता माझ्या तळहातावर एक कानोला ठेवला आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटली. आम्ही ज्याला करंजी म्हणतो तो त्यांचा कानोला. भिडेखातर मी तो खाल्ला, आणि काय सांगू! खुसखुशीत पारीच्या आत काळसर, ओलसर, चारोळी घातलेलं सारण. खजूर म्हणावा तर नाही, मनुका म्हणाव्यात तर नाहीत. मुख्य म्हणजे तो पोटात राहिला. रात्र सरली, सकाळ झाली, तरी राहिला.

निघताना मी कर्ण्यावर आवाज चढवून विचारलं होतं, ‘‘पारबताबाई, यात घातलंय तरी काय?’’

त्या हसल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, ‘‘मोह न बाई, दुसरं काय?’’

मी साताऱ्याची. मी ऐकलं ‘मोहन’. कणकेत कडकडीत तेल घालतात ते मोहन. म्हटलं, एवढंच ना! दुसऱ्या दिवशी कणकेत दुप्पट मोहन घातलं, आत खजूर भरला. खाल्ला आणि उलटला. मग वाटलं मोहन कमी पडलं असणार. आणखी ओतलं, तर करंज्या कढईत पडताच विरघळल्या, नुसता चोथा तरंगू लागला. हे म्हणाले, ‘‘अगं, त्या तेलात आता मलाच तळ.’’ मी झारा आपटला. डोहाळे म्हणावेत तर असे, की ज्याला नाव नाही ते हवं आणि दुसरं काही नको.

ही हकिगत यांच्याकडून स्टेशनात गेली आणि स्टेशनातून पारबताबाईंच्या चुलीपर्यंत. भर दुपारी डोक्यावर पदर, काखेत गाडगं अशा त्या दारात उभ्या.

‘‘का करून राह्यल्या बाई तुमी? माह्या पोरानं सांगतलं, तेलाचे डबे खाली करून राह्यल्या म्हने!’’

‘‘तुम्हीच म्हणालात ना, मोहन!’’

त्या कपाळावर हात मारून मटकन बसल्या आणि डोळ्यांना पाणी येईतो हसल्या. ‘‘अवं मोहन नाई, मोह! झाडाचा मोह!’’ त्यांचा ‘न’ म्हणजे आमचा ‘ना’. त्यांनी गाडगं पालथं केलं, तर सुपात मनुकांसारखी सुकलेली फुलं. त्यांनी चैत्रात भल्या पहाटे वेचलेली.

मी दचकले. ‘‘दारूची?’’

‘‘दारू मानसं गाळते. झाडाले काऊन नाव ठेवता?’’ एवढं मात्र त्या न हसता बोलल्या.

मग माझ्या त्या परक्या स्वयंपाकघरात एक संथ, सुगंधी दुपार सुरू झाली. फुलं चोळून त्यांतले केसर झटकायचे, मग ती मंद जाळावर तांबूस भाजायची, गरम असतानाच कुटायची. पारबताबाईंचा उजवा अंगठा कानोल्याच्या काठावरून मुरड घालत जाई, तेव्हा त्यांचे ओठही नकळत मुरडत; मी सारण सोडून ते ओठच पाहत बसले. पहिला कानोला त्यांनी फुंकून माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, ‘‘खाय पोरी.’’ आतापर्यंत मी ‘बाई’ होते. त्या एका शब्दाने मला हुंदका आला आणि मी रडत रडतच खाल्लं. त्या दिवसापासून अन्न ठरू लागलं. श्रावणात डॉक्टरीणबाईंनी वजन पाहून मान डोलावली, आणि कार्तिकात मुलगी झाली. नाव काय ठेवायचं यावर घरात चर्चाच झाली नाही. मोहना.

पारबताबाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची सून अजूनही चैत्र सरता सरता फुलांचं पुडकं धाडते, आणि ते उघडलं की माझ्या शहरातल्या स्वयंपाकघरात वडशाची दुपार येऊन बसते. परवा मोहनाकडे तिच्या मैत्रिणी जमल्या होत्या. एकीने कानोल्याचा तुकडा मोडून, डोळे मिटून विचारलं, ‘‘काकू, यात काय घातलंय हो?’’ मला आधी हसू आलं, आणि उरलेल्या श्वासात मी म्हणाले, ‘‘मोह न बाई, दुसरं काय?’’

ती पोर मान हलवून म्हणाली, ‘‘अच्छा, मोहन!’’ मोहना माझ्याकडे बघून खुदकन हसली. मी काही दुरुस्त केलं नाही. हवं असेल तर येईल पुन्हा विचारायला. माणूस जातं, त्याचा आवाजही हळूहळू विसरायला होतो; पण कधी तरी त्याचं एक अक्षर आपल्या जिभेवर मागे राहतं, आणि ते उच्चारताना आपण नाही, ते माणूसच बोलतं.