सोळा मिलिमीटरचा पिस्टन

मी लेथ बोलतोय. कारखान्यातला अवाढव्य नव्हे, टेबलावर मावणारा. माझ्या चकात, म्हणजे जबड्यात, धातूचा तुकडा आवळतात, मी तो गरगर फिरवतो आणि समोरचं टूल त्याला सोलून गोल करतं. फिरणं हाच माझा स्वभाव. थांबलो की मला कसंतरीच होतं.

माझे मालक पेशाने टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर. तीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांचे भाग कातले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हौसेसाठी मला घरी आणलं. त्यांना मुठीत मावेल एवढं, पण खरोखर चालणारं इंजिन करायचं होतं, आणि त्यात एकही भाग विकतचा नको होता. मीही हुरळून गेलो. दोन वर्षांत चाक झालं, दांडा झाला, सिलेंडर झाला. राहिला पिस्टन.

नेमका तेव्हाच त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण थरथर काही हटली नाही. पिस्टन सोळा मिलिमीटरचा हवा, तोही असा की सिलेंडरमध्ये सरकेल पण हवा सुटणार नाही. हँडल केसभर जास्त फिरलं की तुकडा भंगारात. असे सहा तुकडे गेले. सातवा त्यांनी चकातच सोडला.

मग ते रोज यायचे, माझ्यावरची चादर उचलायचे, हँडलला हात लावायचे आणि पुन्हा चादर टाकून निघून जायचे. माझी काय तगमग व्हायची! मोटर धड, पट्टा धड, आणि अंगावर मात्र गंज चढतोय.

मालकीणबाई पलीकडच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायच्या. एका दुपारी त्यांनीच चादर काढली.

"अहो, तुम्ही सांगा, मी फिरवते."

"हे काय ब्लाउज आहे?"

"ब्लाउज अर्धं सूत चुकलं तर गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. तुमच्या पिस्टनला विचारायला कोण येणार आहे?"

मालक फणकाऱ्याने बाहेर गेले. बाईंनी मोटर सुरू केली आणि टूल एकदम आत घुसवलं. कर्रकन आवाज झाला, टूलचं टोक उडालं. मालक धावत आले. आता हिची खैर नाही, असं मला वाटलं. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि ते बसले.

"दुसरं टूल लाव. अगदी थोडं आत घे. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

त्यांनी डोळे मिटले. माझा आवाज ऐकून ते सांगायचे, "आता तापलंय, तेल सोड," "आता हँडल अर्धं घर मागे." कान त्यांचे, हात बाईंचे. भांडलेही भरपूर. एकदा तर चार दिवस अबोला होता, आणि मी अर्धवट कातलेला तुकडा तोंडात धरून ताटकळत बसलो.

अखेर एका सकाळी बाईंनी पिस्टन सिलेंडरमध्ये सोडला आणि खालचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं. पिस्टन अधांतरी थांबला. अंगठा काढला, तसा अलगद खाली उतरला. मालकांनी बाईंचा तेलकट हात धरला आणि मग दोन्ही हात थरथरत राहिले.

ते इंजिन पहिल्यांदा अकरा सेकंद चाललं. आता तासभर चालतं. सध्या दुसरं घडवणं चाललंय, दोन सिलेंडरचं. पण मालकांचा आवाज खोल गेलाय, आणि स्टुलावरून उठतानाही आता आधार लागतो.

आज मात्र त्यांचा हात शांत आहे. असा दिवस महिन्यातून एखादा. चकात पितळ आवळलेलं आहे आणि शेवटचा हात त्यांना स्वतः फिरवायचाय. बाही अडकेल म्हणून बाई जवळ नसताना मला सुरू करायचं नाही, असा शब्द त्यांनी दिलाय. बाई पलीकडे गिऱ्हाईकाचं माप घेतायत. "आलेच," म्हणाल्या, त्याला पाऊण तास झाला. मालकांनी दोनदा बाही दुमडली. बोट माझ्या बटणाजवळ आहे, अजून स्थिर आहे.

तुम्ही इतकं ऐकलंतच, तर तेवढं पलीकडे डोकावून बाईंना सांगा. माप उद्याही घेता येईल.